त्या पेशव्याकडे कुणी जात नाही

‘मला ती कबर बघायचीय.’

नोव्हेंबर २०२५ मधला एक शुक्रवार, रात्रीचे साडेदहा, वाकडेवाडीचा स्टँड. आमची गाडी एक तास लेट होती. वेफर्सचं दुसरं पाकीट फोडता फोडता रूमीने हे जाहीर केलं. रूमी म्हणजे माझी रूममेट. हिंजवडीत आयटी, वीकेंडला ट्रेक, इतर वेळी झोप. जन्म साताऱ्याचा, त्यामुळे बोलणं थेट.

खरं तर मी तिच्यासाठी झकास प्लॅन आखला होता. शनिवारी वेरूळ, संध्याकाळी बीबी का मकबरा, रात्री नान खलिया, रविवारी पैठण. आमच्या गावाचं इम्प्रेशन मारायचा चान्स रोज थोडीच मिळतो?

‘कुठली कबर?’ मी विचारलं. वेळ काढायला, दुसरं काय.

‘अगं तीच! पिक्चर बघितल्यापासून डोक्यात बसलीय. एवढा राडा झाला, नक्की आहे तरी काय तिथे?’

आमच्या गावच्या माणसाला पुण्या-मुंबईत दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, तुम्ही गावाला काय म्हणता? (माझ्या जन्मदाखल्यावर औरंगाबाद आहे, सरकारी कागदावर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. मावशी फार आधीपासून संभाजीनगरच म्हणायची आणि तिचे शेजारी आजही औरंगाबादच म्हणतात. कुणाचंही काही अडत नाही.) आणि दुसरा प्रश्न हा, कबरीचा.

तर कबुलीजबाब आधीच देऊन टाकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला, मार्चमध्ये कबर हटवण्याची मागणी पेटली, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. त्या महिन्यात अस्मादिकांनी या कबरीवर चार स्टोऱ्या लिहिल्या. चारही पुण्यात बसून, फोनवरून. फ्रीलान्स माणसाला शब्दांवर पैसे मिळतात, पेट्रोलवर नाही. त्या पैशांत गीझर दुरुस्त झाला. पण ज्या खुलताबादबद्दल मी लिहीत होते तिथे शेवटची गेले होते ती सातवीच्या सहलीला, आणि त्या सहलीतलं आठवत होतं ते फक्त बसमध्ये कोण कुणाशेजारी बसलं होतं ते.

म्हणून म्हटलं, चल. बघूनच टाकू.

* * *

सकाळी मावसभाऊ गाडी घेऊन तयार होता. वय वर्षं तेवीस, शेंद्र्याच्या कंपनीत शिफ्ट, सेकंडहँड अल्टो आणि त्या अल्टोवर जिवापाड प्रेम. मला तो ताई म्हणतो. रूमीलाही पाच मिनिटांत ताई म्हणायला लागला, तर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

निघताना मावशी दारात आली. ‘दोनच्या आत परत यायचं हं. आज पाणी यायचंय. नववा दिवस आहे. मला एकटीला ते ड्रम सरकत नाहीत.’

रूमीला वाटलं मावशी जोक करतेय. मी आणि मावसभावाने एकमेकांकडे बघितलं. सांगू हळूहळू.

खुलताबाद शहरापासून साधारण २५ किलोमीटर. छावणी, पडेगाव, मिटमिटा, मग समोर देवगिरीचा किल्ला उभा राहतो आणि कितीही वेळा बघितला तरी बोलणं थांबतं. किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीतल्या वेशीतून रस्ता जातो. दरवाजा जुन्या काळाच्या हिशोबाचा आणि ट्रॅफिक आजचं, त्यामुळे शनिवारी तिथे गाडी बंद करून सीताफळं खायची हा इथला रिवाज. आम्हीही खाल्ली. पुढे कागजीपुरा, हातकागदाचं गाव. मग घाट चढला की खुलताबाद.

शनिवार असल्याने रस्त्याच्या कडेने अनवाणी माणसं चालत होती. भद्रा मारुतीला. इथला मारुती उभा नाही, झोपलेला आहे, आणि श्रावणातल्या शनिवारी तर शहरातून रात्रभर चालत येणाऱ्यांची रांग लागते. मावसभाऊ पण दर वर्षी एकदा चालतो. त्याने आधी मारुतीला नेलं. रुईच्या पानांची माळ, नारळ, तेल. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘आता तुम्हाला सोडतो तिकडे. मी नाही येणार आत.’

‘का रे?’ रूमीने विचारलं.

‘ताई, संभाजी महाराजांचे हाल केले त्याने. मी कशाला जाऊ त्याच्या दारात?’

यावर काय बोलणार? गाडी लावून तो समोरच्या टपरीवर चहा प्यायला बसला.

* * *

दारात पोलीस. नाव, गाव, ओळखपत्र, वहीत सही. एका कबरीला भेट द्यायची तर एअरपोर्टसारखं वाटत होतं. २०२२ च्या मे महिन्यातही असाच वाद झाला होता आणि पुरातत्त्व खात्याने पाच दिवस ही जागा बंदच ठेवली होती. मार्च २०२५ नंतर बंदोबस्त वाढला, कडेला पत्रे लागले.

आणि आत?

आत काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात एका कोपऱ्यात मातीचा एक उंचवटा, त्यावर सब्जाचं रोप, वर उघडं आकाश, भोवती संगमरवरी जाळी. ती जाळीही मागाहून आलेली, विसाव्या शतकात. मला वाटतं आम्ही दोघी मिळून चार मिनिटं उभ्या राहिलो. रूमीने फोन काढला आणि परत पर्समध्ये ठेवला.

‘एवढंच?’ ती पुटपुटली.

एवढंच. त्याची तशीच इच्छा होती म्हणतात. टोप्या शिवून मिळालेल्या पैशांतून कबरीचा खर्च झाला असं तिथे सांगितलं जातं. चौदा रुपये बारा आणे असा आकडाही सांगतात. सत्तेत असताना अख्खं दख्खन गिळायला निघालेला माणूस. १६८१ नंतर तो उत्तरेतून इकडे आला, पंचवीसेक वर्षं तंबूत राहिला, १६८९ मध्ये संभाजी महाराजांना क्रूरपणे मारलं, आणि तरी मराठे काही संपले नाहीत. राजाराम महाराज गेले, मग ताराबाई लढत राहिल्या. १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला तो वारला आणि इथे आणून पुरला. ‘खुल्द’ म्हणजे स्वर्ग. मृत्यूनंतर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणायला लागले आणि गावाचं रौझा हे जुनं नाव जाऊन खुल्दाबाद झालं. त्याचं आपण केलं खुलताबाद.

मला राग यावा असं वाटत होतं, पण तिथे राग यायला काही शिल्लकच नाही. राग येतो तो टीव्हीसमोर. इथे नुसती माती आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे, उन्हात उभे राहून कंटाळलेले पोलीस. मी लिहिलेल्या चार स्टोऱ्या मला आठवल्या. एका हेडिंगमध्ये ‘धगधगती’ असा शब्द होता. शी!

या गावात बाकी काय गर्दी आहे बघा. समोरच बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा, तिथे हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह आणि त्याचा मुलगा नासिरजंग. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह इथलाच. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा, ज्याला औरंगजेबाने हरवून दौलताबादच्या किल्ल्यात मरेपर्यंत डांबून ठेवलं, तोही याच गावात. कैदी आणि कैद करणारा, एकाच ग्रामपंचायतीत म्हणायचं. (इथे नगरपरिषद आहे, पण वाक्य असं बरं वाटतं.)

बाहेर आलो. मावसभावाचे दोन चहा झाले होते.

‘बघितलं?’

‘बघितलं.’

‘काय होतं?’

‘काही नाही रे,’ रूमी म्हणाली. ‘रोप आहे एक.’

सकाळचे साडेअकरा. आता वेरूळ गाठायचं म्हटलं तर दोनची डेडलाइन हुकणार. आणि तेव्हा मी म्हटलं, ‘इथे अजून एक जण आहे. त्याच्याकडे जाऊ या?’

* * *

हे मी सहज म्हटलं नाही. मार्चमध्ये, त्या चार स्टोऱ्यांबरोबर मी पाचवीही सुचवली होती. खुलताबादमध्येच असलेल्या मलिक अंबरच्या कबरीबद्दल. एका संपादकांनी फोनवर विचारलं, ‘वाद काय आहे त्यात?’ म्हटलं, वाद काही नाही. ‘मग हुक काय?’ हुकही नव्हता. विषय संपला. नोट्स मात्र फोनमध्ये तशाच राहिल्या होत्या.

पत्ता विचारायला लागलो. औरंगजेबाचा पत्ता या गावात दगडही सांगेल. मलिक अंबर म्हटल्यावर पहिल्या माणसाने ‘कोण?’ विचारलं, दुसऱ्याने आम्हाला परत औरंगजेबाकडे पाठवलं. तिसरे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी आधी आम्हाला नीट बघितलं, मग विचारलं, ‘रिसर्चवाले हो क्या?’ आणि मग गावाच्या वायव्येकडे बोट दाखवलं.

गावाबाहेर, शेतं आणि गवताच्या मध्ये, चौथऱ्यावर उभी काळ्या दगडाची चौकोनी इमारत. भिंतींवर कमानींचे कोनाडे, वर एकच घुमट. जवळच तशीच पण लहान दुसरी कबर, त्याच्या बायकोची, बीबी करीमाची. पोलीस नाहीत. वही नाही. पत्रे तर नाहीतच. एक बकरी होती, ती आम्हाला बघून उठली आणि सावलीची दुसरी बाजू पकडून बसली.

मावसभाऊ या वेळी आत आला. ‘हा कोण?’

चौथऱ्यावर बसून मी फोन उघडला आणि दोघांना वाचून दाखवायला लागले. आता तुम्हालाही सांगते. तेवढाच माझा पाचवा लेख छापून आला असं समजेन.

साधारण १५४८ मध्ये इथिओपियात एक मुलगा जन्मला. नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. येमेनमधलं मोखा, मग बगदाद. तिथल्या एका मालकाने त्याला लिहा-वाचायला, हिशोबाला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. मग पुन्हा विक्री, थेट दख्खनमध्ये. इथे त्याला विकत घेणारा होता चंगीझखान, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा. हा चंगीझखान स्वतःही एके काळचा हबशी गुलाम.

‘थांब थांब,’ रूमी म्हणाली. ‘पेशवा? शनिवारवाड्यातले?’

शनिवारवाड्याच्या पायाचा दगड बसायच्या दीडशे वर्षं आधीची गोष्ट आहे ही. पेशवा हा फारसी शब्द, दख्खनच्या सुलतानांकडे मुख्य प्रधानाला म्हणायचे. आपण पुण्यात राहतो, त्यामुळे आपल्याला वाटतं हे पद बाजीरावासाठीच काढलं होतं.

चंगीझखान वारल्यावर अंबर मोकळा झाला. लग्न केलं. शे-दीडशे स्वार जमवून विजापूरकरांकडे, मग परत निजामशाहीत असं चालू राहिलं. आजच्या भाषेत फ्रीलान्सर. (मला लगेच जवळचा वाटला.) सन १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, चांदबिबी त्याआधी आपल्याच माणसांकडून मारली गेली होती, सुलतान मोगलांच्या कैदेत गेला. राज्य संपलं असं दिल्ली-आग्र्याला वाटत होतं. अंबरने राजघराण्यातला एक मुलगा शोधला, परांड्याला त्याला मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः पेशवा झाला. तिथून पुढची २६ वर्षं, मरेपर्यंत, त्याने मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. अकबर गेला, जहांगीर आला, सेनापती बदलत राहिले. हा इथेच.

जहांगीर तर इतका वैतागला होता की त्याच्या पदरच्या अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा, समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं मुंडकं, आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं बादशहाच्या हाती कधीच लागलं नाही. चित्रानंतरही मलिक अंबर दहा वर्षं जगला आणि ऐंशीच्या घरात पोचून, मे १६२६ मध्ये, वयाने गेला.

‘म्हणजे फोटोशॉप!’ रूमी.

फोटोशॉपच. आणि त्याच जहांगीरच्या दरबारातल्या इतिहासकाराने तो मेल्यावर लिहून ठेवलं की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती. शत्रूकडून आलेलं सर्टिफिकेट आहे ते.

मावसभाऊ इतका वेळ गप्प होता. ‘मोगलांशी लढला म्हणजे मराठ्यांच्या बाजूने?’

इथे मला सावध बोलायला हवं होतं. तो निजामशाहीच्या बाजूने होता. पण त्याच्या फौजेत मराठे सरदार आणि स्वार ढिगाने होते. मालोजीराजे भोसले निजामशाहीतलेच. आणि १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजा आल्या, तेव्हा मलिक अंबरच्या बाजूने लढले ते शहाजीराजे. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं, वाटा अडवल्या, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले आणि मग एक घाव. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचं वर्णन आहे. हलक्या घोडदळाचं हे तंत्र त्याने मराठ्यांकडून घेतलं की मराठ्यांनी त्याच्याकडून, यावर अभ्यासक भांडतात. मला वाटतं दोन्ही खरं असावं. एकत्र काम करणारी माणसं एकमेकांचं उचलतातच.

‘शहाजीराजे याच्याकडे होते?’ मावसभाऊ उठून उभा राहिला आणि कबरीकडे नव्याने बघायला लागला. चप्पल तो मघाशीच काढून आला होता, कबर म्हणून. ‘आम्हाला शाळेत एका ओळीत संपवला राव हा.’

त्याला मी पुढचंही सांगितलं, नाही तर पुन्हा एक हिरो तयार व्हायचा. भातवडीनंतर शहाजीराजांचं त्याच्याशी बिनसलं आणि ते आदिलशाहीत गेले. आणि ज्या मुर्तझाला याने गादीवर बसवलं, स्वतःची मुलगी दिली, तो डोईजड व्हायला लागल्यावर १६१० मध्ये त्याला विष घालून मारलं आणि त्याच्या पाच वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं. सत्तेतला माणूस होता तो, साधुसंत नव्हता. पण त्याच माणसाने साऱ्याच्या वसुलीची ठेकेदारी मोडली आणि जमिनीच्या पिकाप्रमाणे सारा ठरवण्याची पद्धत बसवली. मलिकंबरी हा शब्द जुन्या महसुली कागदांत पिढ्यान् पिढ्या चालत राहिला.

‘आणि त्याच १६१० मध्ये,’ मी म्हटलं, ‘त्याने एक गाव वसवलं. खडकी.’

‘पुण्याची?’

‘नाही गं. आपण आत्ता जिथून आलो ते.’

* * *

ही गोष्ट मला स्वतःला कधी कळली सांगू? पंचविसाव्या वर्षी, पुण्यात, एक पुस्तक चाळताना. त्याआधी अख्खं बालपण आणि कॉलेज त्याच शहरात काढलं. भडकल गेटखालून रोज स्कूटी घातली. ती मोठी कमान मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधली, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मास कॉमला असताना तिथे उभं राहून मी पीस टू कॅमेराची प्रॅक्टिस केली आहे. विषय होता ट्रॅफिक.

तर खडकी. मलिक अंबर गेल्यावर त्याच्या मुलाने, फत्तेखानाने गावाला स्वतःचं नाव दिलं, फत्तेनगर. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद झालं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. चौथं नाव. ज्याने पहिला दगड ठेवला त्याचं नाव यातल्या एकातही नाही. त्याने ते ठेवूनच घेतलं नव्हतं, ‘खडकी’वर खूश होता बिचारा. औरंगजेबाचा तर जन्मच १६१८ चा. तेव्हा आमचं गाव आठ वर्षांचं होतं आणि गावात पाणी येऊन साधारण वर्ष झालं होतं.

पाणी. यासाठीच मला त्याच्याकडे यायचं होतं.

खडकी नावाप्रमाणे खडकाळ, कोरडी. राजधानी वसवायची तर पाणी कुठून आणणार? १६१७ च्या सुमारास मलिक अंबरने नहर काढली, नहर-ए-अंबरी. उत्तरेला हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांत जमिनीखाली झिरपणारं पाणी गोळा करायचं, जमिनीखालच्या बांधीव पाटातून शहरात आणायचं. मध्ये ठरावीक अंतरावर उसासे, म्हणजे हवा जायला आणि आत उतरून साफ करायला वाट. शहरात हौद आणि पाणी वर चढवणारे दगडी मनोरे. पंप नाही, वीज नाही. उतार आणि दाब, बस्स. पुढे इतरांनीही नहरी काढल्या, पाणचक्की त्यातल्याच एका पाण्यावर फिरते. पण सुरुवात याची. ती इतकी पक्की होती की तीनशे वर्षं उलटून गेल्यावरही त्या पाण्याचा उपयोग होत होता. मग आम्ही त्यावर घरं बांधली, ड्रेनेज सोडलं, आणि अधूनमधून कुठे खोदकामात एखादा उसासा सापडला की पेपरात फोटो येतो.

आज शहराला पाणी येतं जायकवाडीतून. पन्नासेक किलोमीटरवरून, चढावर, पंपाने उचलून. धरण भरलेलं असलं तरी घरात पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा. २०२० च्या डिसेंबरमध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, आकडा नंतर २७०० कोटींच्या वर गेला. या विषयावर शहरात जेवढे मोर्चे निघाले असतील तेवढेच नावाच्या विषयावरही निघाले. मी हिशोब केलेला नाही. पण मी कशावर चार स्टोऱ्या लिहिल्या आणि कशावर शून्य, तो हिशोब सोपा आहे.

रूमी हे ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. ‘म्हणजे मावशी खरंच नववा दिवस म्हणाल्या?’

‘खरंच.’

आणि तेवढ्यात, शप्पथ, मावसभावाचा फोन वाजला. स्पीकरवर नसतानाही मावशीचा आवाज घुमटात घुमला. पाणी दोनला येणार होतं ते साडेबारालाच आलं होतं. ‘कुठे आहात? मोटर लावलीय, निघा!’

मावसभावाने चप्पल घातली. जाता जाता परत वळला, दाराच्या चौकटीला हात लावून छातीला लावला. मारुतीला करतो तसाच. मग गाडीकडे पळाला. २०२६ हे त्या माणसाच्या मृत्यूचं चारशेवं वर्ष आहे हे मी त्याला पळता पळता सांगितलं, त्याने ऐकलं की नाही माहीत नाही.

* * *

परतीला वेशीत पुन्हा अडकलो, मावशीचे आणखी तीन फोन आले. छावणी, मिल कॉर्नर, आणि मग समोर भडकल गेट. बाजूला बाबासाहेबांचा पुतळा. १४ एप्रिलला इथे जी माणसं लोटतात ती बघायला रूमीला पुन्हा आणलं पाहिजे. गाड्या तुंबल्या होत्या म्हणून दोन मिनिटं कमानीसमोर थांबलो. रूमीने खिडकीतून मान वर करून शेवटपर्यंत बघितलं. आज पहिल्यांदाच तिने फोटो काढला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

घरी पोचलो तर अंगणात पाइप, बादल्या, पातेली, दोन निळे ड्रम आणि मध्ये साडी खोचून मावशी. रूमीने जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली, पाइप हातात घेतला. हिंजवडीतल्या तिच्या टीमने तिला या अवतारात बघायला हवं होतं.

‘काय काय बघितलंत मग?’ मावशीने विचारलं.

‘खडकी ज्याने वसवली ना, त्याची कबर,’ मावसभाऊ म्हणाला. ‘खुलताबादलाच आहे. मम्मी, तुला माहितीय, शहाजीराजे...’

‘खडकी? ती पुण्याला नाही का?’ मावशी म्हणाली. ‘बरं, सांग नंतर. आधी तो ड्रम इकडे सरकव.’